इंग्रजीचा तास आणि आपली मराठी

माथेरानच्या डोंगरावर इंग्रजी भाषा शाळेच्या आधीं पोहोंचली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं हें स्थळ हेरलें. पुढें बंगले उठले, आणि कड्यांना लुइझा, अलेक्झांडर, पॅनोरमा अशीं नांवें पडलीं. गारबट हें जुनें नांव मात्र तसेंच राहिलें. घोडेवाल्यांच्या तोंडीं 'पॉइंट' हा शब्द आतां इतका रुळला आहे कीं त्यास परका म्हणवत नाहीं. परंतु कानांनीं उचललेले शब्द निराळे आणि वर्गांत बसून केलेलें वाङ्मयाचें अध्ययन निराळें.

त्या अध्ययनाची घडी १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें बसली: खालचें शिक्षण देशी भाषेंत, वरचें इंग्रजींत. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि माध्यमिक शाळांचा सारा रोख मॅट्रिककडे वळला. गद्य, पद्य, व्याकरण आणि भाषांतर असा अभ्यास असे. यांतील भाषांतर आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. 'आईनें मुलाला भाकर दिली' हें वाक्य इंग्रजींत नेतांना क्रियापद शेवटून उचलून मध्यें ठेवावें लागे. 'नें' आणि 'ला' गळून पडत आणि त्यांचें काम शब्दांची जागा करी. जन्मापासून तोंडांत असलेली विभक्ति मुलाला प्रथम दिसली ती अशी, परक्या भाषेच्या तासाला! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांचें इंग्रजी पोसलें, आणि थोडें मराठीही. या देवघेवींत मराठीस लाभच झाला. आपण आज सहज लिहितों तीं स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह इत्यादि विरामचिन्हें मेजर थॉमस कँडी यांनीं मराठींत रूढ केलीं.

विद्यापीठानें मात्र पुढें मराठीस वरच्या परीक्षांतून वगळलें. घरांत नवा दिवा आला म्हणून समई विझविण्याचाच हा प्रकार. न्यायमूर्ति रानडे यांनीं त्याविरुद्ध वर्षानुवर्षें खटपट केली, तेव्हां १९०१ च्या सुमारास मराठीला पुन्हां प्रवेश मिळाला.

आज आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुलें इंग्रजी माध्यमांत शिकतात. इंग्रजी कविता तीं खडाखडा म्हणतात, परंतु आजीचें पत्र वाचतांना अडखळतात. त्यांच्या आईबापांस आम्ही फादर स्टीफन्स यांचें स्मरण देतों. विल्टशरचा हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास उतरला. लॅटिन भाषेच्या अभ्यासानें त्याची दृष्टि तयार झालेली होती. म्हणूनच १५८३ सालीं भावास धाडलेल्या पत्रांत, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे, असें तो लिहूं शकला. ही गोष्ट युरोपांतील पंडितांस उमगावयास पुढें दोनशें वर्षें लागलीं. एक भाषा नीट शिकलेल्या मनुष्यानें दुसरीला तुच्छ लेखिलें नाहीं. उलट त्याच मराठींत सुमारें अकरा हजार ओंव्यांचें क्रिस्तपुराण रचलें, जें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. त्यानें कोंकणीचें व्याकरणही लिहिलें. त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनीं, १६४० सालीं, तें प्रसिद्ध झालें. तें पोर्तुगीज भाषेंत आहे, कारण तें होतें आमची बोली शिकूं पाहणाऱ्या परदेशी पाद्र्यांसाठीं.