संगणक जालातील असमकालिक आदान-प्रदान

संगणक जालावरील अनेक दूरस्थ संगणकांशी एकाच कार्यक्रमाला, त्यांपैकी कोणा एकाच्या उत्तरासाठी खोळंबून न राहता, संदेशांची देवघेव करता यावी म्हणून योजलेली कार्यपद्धती. या पद्धतीत कार्यक्रम आपली मागणी परिचालन प्रणालीकडे नोंदवितो व लगेच दुसऱ्या कामास लागतो. मागणी पूर्ण झाली किंवा पूर्ण होण्याजोगी स्थिती आली, म्हणजे त्या प्रसंगासाठी आधीच नेमून दिलेला उपकार्यक्रम चालविला जातो. अशा उपकार्यक्रमास ‘कॉलबॅक’ असे म्हणतात. सी या संगणक भाषेत ही पद्धती विशेष विकसित झाली असून आजच्या बहुतेक मोठ्या जालसेवांचा ती पाया आहे.

स्वरूप : पिठाच्या गिरणीत दळणाचा डबा देऊन दळण होईपर्यंत तेथेच उभे राहणे ही समकालिक पद्धत, डबा ठेवून, निरोप कोठे पाठवायचा ते सांगून शेतावर जाणे ही असमकालिक पद्धत होय. संगणकाच्या बाबतीत हा भेद फार मोठा ठरतो, कारण प्रोसेसरचा वेग व जालाचा वेग यांत प्रचंड तफावत असते. आधुनिक प्रोसेसर एका सेकंदात अब्जावधी साध्या क्रिया करतो. उलट भूस्थिर उपग्रहामार्फत पाठविलेल्या संदेशाला सु. ३६,००० किमी. वर व तितकेच खाली असे अंतर कापावे लागते. प्रकाशाच्या वेगानेही याला सु. ०·२४ सेकंद लागतात आणि उत्तर परत येण्यास पुन्हा तेवढेच. म्हणजे एका प्रश्नोत्तरात जवळजवळ अर्धा सेकंद केवळ प्रवासात जातो. या अवधीत कार्यक्रम थांबून राहिला, तर त्याच्याकडे आलेले इतर सर्व ग्राहकही थांबून राहतात.

ही अडचण टाळण्याचा एक मार्ग म्हणजे प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र प्रक्रिया अथवा धागा निर्माण करणे. तो समजण्यास सोपा आहे. परंतु प्रत्येक धाग्याला स्मृतीत वेगळी जागा द्यावी लागते आणि धाग्यांची अदलाबदल करण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. दुसरा मार्ग असमकालिक पद्धतीचा. त्यात एकच धागा एका अखंड चक्रात फिरत असतो. चक्राच्या प्रत्येक फेरीत तो परिचालन प्रणालीला ‘कोणत्या जोडण्यांवर काही घडले आहे?’ असे विचारतो व घडलेल्या प्रत्येक घटनेसाठी तिचा कॉलबॅक चालवितो. या चक्रास ‘इव्हेंट लूप’ ही संज्ञा आहे.

सी भाषेतील योजना : सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निर्माण केली. या भाषेत उपकार्यक्रमाचा, म्हणजे फंक्शनचा, स्मृतीतील पत्ता एखाद्या संख्येप्रमाणे चलात साठविता येतो व दुसऱ्या फंक्शनला देता येतो. या सोयीवर कॉलबॅकची सर्व रचना उभी आहे. मात्र फंक्शनच्या पत्त्याबरोबर त्या वेळची माहिती आपोआप साठविण्याची सोय सीमध्ये नाही. हा संदेश कोणत्या ग्राहकाचा, त्याचे काम कोठवर आले होते, हे सर्व कार्यक्रमकाराला एका संरचनेत स्वतः मांडून ठेवावे लागते व तिचा दर्शक कॉलबॅकला पुरवावा लागतो.

दुसरी खबरदारी संदेशांच्या तुटकपणाविषयीची आहे. टीसीपी या संकेतानुसार येणारी माहिती हा बाइटांचा सलग प्रवाह असतो. त्यात संदेशांच्या सीमा राखल्या जात नाहीत. एक संदेश दोन तुकड्यांत येऊ शकतो किंवा दोन संदेश एकत्र येऊ शकतात. त्यामुळे प्रत्येक जोडणीसाठी बफर ठेवून, संदेश पूर्ण झाल्यावरच त्यावर काम करावे लागते.

उगम व विकास : या कल्पनेचे मूळ यंत्ररचनेत आहे. छिद्रपत्रे व चुंबकीय फिती यांसारखी साधने मंद असल्याने, साधनाचे काम झाल्यावर त्यानेच चालू काम थांबवून प्रोसेसरला सूचना द्यावी, ही ‘व्यत्यय’ योजना अमेरिकेतील डायसीॲक या १९५४ च्या संगणकात आढळते. कार्यक्रमांच्या पातळीवर हीच कल्पना डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ मध्ये पुढे आणलेल्या व्हॅक्स संगणकांच्या व्हीएमएस प्रणालीत पद्धतशीरपणे आली. तीत मागणी नोंदविताना तिच्या पूर्ततेनंतर चालवावयाचा उपकार्यक्रमही नमूद करता येई.

युनिक्स प्रणालीची मूळ घडण मात्र समकालिक होती. फाइल वाचावयास घेतली, की माहिती हाती येईपर्यंत कार्यक्रम थांबे. १९८३ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसृत केलेल्या ४·२ बीएसडी या आवृत्तीत जालासाठी ‘सॉकेट’ व अनेक सॉकेटांवर एकदम लक्ष ठेवण्यासाठी ‘सिलेक्ट’ या सोयी आल्या. ‘पोल’ ही तिची भावंड सोय युनिक्सच्या सिस्टिम व्ही शाखेत पुढे आली. सिलेक्टमध्ये दोन उणिवा होत्या. एक, जोडण्यांच्या संख्येवर बहुतेक प्रणालींत १,०२४ ची मर्यादा पडे. दुसरी, दर खेपेस संपूर्ण यादी तपासावी लागे. दहा हजार जोडण्यांपैकी दहाच जागृत असल्या, तरी परिचालन प्रणालीला दहा हजार नोंदी पाहाव्या लागत. जाल लहान होते तोवर या उणिवा जाणवल्या नाहीत.

भारतातील प्रारंभ : भारतात संगणक जालांचा पाया घालण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. भारत सरकारचा इलेक्ट्रॉनिकी विभाग व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा शिक्षण व संशोधन जालाचा प्रकल्प सुरू झाला. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्था व इतर संस्था त्यात सहभागी होत्या. राष्ट्रीय केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचे या कार्यातील योगदान २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’ या सन्मानाने गौरविले गेले. प्रारंभीचा पत्रव्यवहार युनिक्समधील यूयूसीपी या पद्धतीने होई. पत्र संगणकात साठवून ठेवावयाचे, दूरध्वनीची ओळ जोडली गेली म्हणजे पुढच्या संगणकाकडे सरकवावयाचे व आपण मोकळे व्हावयाचे, अशी ती पद्धत होती. कार्यक्रमाच्या अंतर्गत रचनेतील असमकालिकतेहून ही गोष्ट वेगळी असली, तरी महागड्या व बेभरवशाच्या ओळींवर वाट पाहणे परवडत नाही, हे तत्त्व दोहोंत समान आहे. याच दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने ‘निकनेट’ या उपग्रहाधारित जालाने जिल्ह्यांची मुख्यालये जोडण्यास प्रारंभ केला व त्यातून अमरावती, अकोला यांसारखी वऱ्हाडातील ठाणी राजधानीशी संगणकाने जोडली गेली.

राष्ट्रीय शेअर बाजाराचे उदाहरण : असमकालिक देवघेवीचे एक ठळक भारतीय उदाहरण मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात पाहावयास मिळते. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या या बाजारात ३ नोव्हेंबर १९९४ रोजी भागांचे व्यवहार सुरू झाले. आरोळ्यांचा सौदेकट्टा तेथे कधीच नव्हता. दलालाच्या कचेरीतील संगणक लहान उपग्रह तबकडीद्वारे मुंबईच्या मध्यवर्ती संगणकाशी जोडलेला असे. त्यामुळे मुंबईबाहेरच्या दलालालाही त्याच मागणीपत्रकावर सौदा करता येऊ लागला.

या व्यवहारात एका प्रश्नाला एकच उत्तर नसते. बाजाराने दलालांच्या सॉफ्टवेअरसाठी ठरविलेल्या संदेशसंहितेत, जिच्यातील संदेशांची मांडणी सी भाषेतील संरचनांप्रमाणे दिलेली आहे, मागणी नोंदविण्याच्या संदेशाला २००० हा क्रमांक आहे. ती स्वीकारल्याची पोच २०७३ या क्रमांकाने येते व प्रत्यक्ष सौदा झाल्याची वार्ता २२२२ या क्रमांकाने. पोच त्वरित येते. सौद्याची वार्ता मात्र भाव जुळेल तेव्हा, म्हणजे क्षणात, तासाभराने किंवा कधीच न येण्याचाही संभव असतो. मागणीचे काही भाग निरनिराळ्या वेळी जुळल्यास अशा अनेक वार्ता येतात. शिवाय इतरांच्या सौद्यांमुळे बदलणारे भाव अखंड येत असतात. म्हणून मागणी पाठवून उत्तराची वाट पाहणारा कार्यक्रम येथे निरुपयोगी ठरतो. प्रत्येक येणाऱ्या संदेशाचा क्रमांक पाहून त्यासाठी नेमलेले फंक्शन चालविणे, हीच रचना संभवते.

मध्यवर्ती संगणकावर एकदम गर्दी होऊ नये, यासाठी या संहितेत ‘आमंत्रण’ संदेशाचीही तरतूद होती. दलालाच्या संगणकाने किती संदेश पाठवावेत, ते मुंबईहून कळविले जाई व तेवढेच पाठविता येत. असमकालिक व्यवहारात पाठविणारा थांबत नसल्यामुळे त्याला आवर घालण्याची अशी योजना आवश्यकच ठरते. दलालांकडील विंडोज संगणकांसाठी १९९३ च्या ‘विनसॉक’ संकेतात जालावरील घटना खिडकीकडे येणाऱ्या संदेशांच्या रूपात देण्याची सोय होती. ती नसती, तर तत्कालीन विंडोजमध्ये एका थांबलेल्या कार्यक्रमामुळे सर्व पडदा गोठला असता.

मंद ग्राहकांचा प्रश्न : १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. प्रारंभी दूरध्वनीवरून मिळणारा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका असे. या वेगाने ६०,००० बाइटांचे एक पान येण्यास सु. ५० सेकंद लागत. त्या काळात प्रचलित असलेल्या अपॅची या जालसेवकात प्रत्येक जोडणीस एक स्वतंत्र प्रक्रिया लागे व नेहमीच्या मांडणीत अशा १५० प्रक्रिया चालत. सर्व १५० प्रक्रिया मंद ओळींवरील ग्राहकांनी ५०-५० सेकंद अडवून ठेवल्यास तो सेवक सेकंदाला केवळ ३ पाने देऊ शके, मग त्याचा प्रोसेसर कितीही शक्तिमान असो. म्हणजे दूरच्या गावातील मंद ओळ ही त्या ग्राहकापुरतीच अडचण राहत नसे. तिच्यामुळे इतरांची वाट अडे व गर्दीच्या वेळी पहिला नकारही बहुधा अशाच ग्राहकाच्या वाट्याला येई.

अमेरिकन संगणकतज्ज्ञ डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये एका संगणकाने एकाच वेळी दहा हजार ग्राहकांची सेवा कशी करावी, हा प्रश्न नेमकेपणाने मांडला. त्याला अनुसरून परिचालन प्रणालींत नव्या सोयी आल्या. २००० मध्ये फ्रीबीएसडी प्रणालीत जोनाथन लेमन यांची ‘केक्यू’ व २००२ मध्ये लिनक्सच्या विकसनशील आवृत्तीत दाव्हिदे लिबेन्झी यांची ‘ईपोल’ ही सोय समाविष्ट झाली. यांत जोडण्यांची यादी परिचालन प्रणालीच्या गाभ्यातच राहते व ज्यांवर काही घडले त्यांचीच नावे कार्यक्रमाला मिळतात. निरनिराळ्या प्रणालींतील हे भेद झाकून एकसारखी कॉलबॅक-रचना पुरविणारे नील्स प्रोव्होस यांचे ‘लिबइव्हेंट’ हे सी भाषेतील संग्रहालय याच सुमाराचे. रशियन तंत्रज्ञ इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये प्रसृत केलेला ‘एन्जिनएक्स’ हा जालसेवक पूर्णतः या पद्धतीवर आधारलेला असून, मूळ सेवकाच्या पुढे उभा राहून मंद ग्राहकांचा भार स्वतःकडे घेणे हा त्याचा एक प्रमुख उपयोग होता. पुढे रायन डाल यांच्या २००९ मधील ‘नोड’ प्रणालीने व तीमधून निघालेल्या ‘लिबयूव्ही’ या सी संग्रहालयाने कॉलबॅकची पद्धत सामान्य कार्यक्रमकारांपर्यंत नेली.

दोष व मर्यादा : या पद्धतीत कामाचा क्रम एका फंक्शनमध्ये सलग वाचता येत नाही, तो अनेक कॉलबॅकांत विखुरतो. जोडणी तुटल्यावर तिची संरचना स्मृतीतून काढून टाकली व नंतर तिच्या नावाचा एखादा कॉलबॅक आला, तर नष्ट झालेल्या जागेचा वापर होऊन कार्यक्रम कोसळतो किंवा सुरक्षिततेला छिद्र पडते. सी भाषेत याविरुद्ध आपोआप संरक्षण नाही. तसेच एका कॉलबॅकने दीर्घ आकडेमोड सुरू केल्यास संपूर्ण चक्रच थांबते. म्हणून आकडेमोडीचे काम निराळ्या धाग्यांकडे सोपविण्याची प्रथा आहे.

ईपोलसारख्या सोयी जोडणी वाचण्यास ‘सज्ज’ असल्याचे कळवितात, प्रत्यक्ष वाचन कार्यक्रमालाच करावे लागते. व्हीएमएस व १९९४ च्या विंडोज एनटी ३·५ मधील योजनांत मात्र काम ‘पूर्ण’ झाल्याचे कळविले जाते. येन्स आक्सबो यांची ‘आयओ-यूरिंग’ ही दुसऱ्या प्रकारची सोय २०१९ मध्ये लिनक्सच्या ५·१ या आवृत्तीत आली. मागण्या व पूर्तता यांच्या दोन वर्तुळाकार रांगा कार्यक्रम आणि गाभा यांच्या सामाईक स्मृतीत ठेवल्याने प्रत्येक मागणीसाठी गाभ्याला स्वतंत्र हाक मारावी लागत नाही.

महत्त्व : शासकीय सेवा जालावर आल्यापासून या पद्धतीला सामाजिक महत्त्वही प्राप्त झाले आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा जालावर मिळतो आणि पीक विम्याचे अर्जही जालावरूनच भरले जातात. अंतिम मुदतीच्या दिवसांत अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावरील वलगावसारख्या गावातून भ्रमणध्वनीच्या क्षीण संदेशावर अर्ज भरणारा शेतकरी व मुंबईतील वेगवान ओळीवरील ग्राहक एकाच सेवकाच्या दारात उभे असतात. अशा वेळी होणाऱ्या विलंबास माहितीसाठ्यावरील ताणासारखी इतर कारणेही असतात. तथापि मंद जोडणीला सेवकाची अल्पशी स्मृतीच द्यावी लागेल, संपूर्ण प्रक्रिया नव्हे, अशी व्यवस्था असेल, तर ती जोडणी धीराने टिकवून धरता येते. ओळ मंद असणे हे अशा रचनेत ग्राहकाला नाकारण्याचे कारण उरत नाही.