सब्र कर, म्हणणाऱ्यांसाठी

मागच्या रमजानमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. नवरा आखातात नोकरीला. तीन वर्षांत घरखर्चाला एक पैसा नाही. "सर, सगळे म्हणतात सब्र कर. तो तलाक देत नाही तोवर शरीअतमध्ये वाट नाही. खरंय का?"

खरं नाही. पण एके काळी हनफी स्त्रीसाठी ते जवळजवळ खरं होतं.

नवरा खुलाला राजी नसेल तर हनफी फिकहात सुटकेची दारं फार कमी. नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या वयाचे लोक मरेपर्यंत थांबायचं. काहींनी ही मर्यादा त्याच्या वयाच्या नव्वदीपर्यंत धरली होती. इंग्रजी अमलात पंजाबातल्या काही स्त्रियांनी सुटण्यासाठी चक्क इस्लाम सोडल्याचं जाहीर केलं, कारण धर्म सोडला की निकाह तुटतो, असं न्यायालयं मानत.

मौलाना अशरफ अली थानवी यांना या प्रश्नाने अस्वस्थ केलं. त्यांनी मदिनेच्या मालिकी उलमांकडून फतवे मागवले आणि 1931 मध्ये 'अल-हीलतुन्नाजिजा' हा ग्रंथ काढला. मालिकी मजहबात बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मुदत आणि त्यानंतर इद्दत, एवढंच. खर्च न देणाऱ्या नवऱ्यापासूनही काजी निकाह फस्ख करू शकतो. गरज पडली तर दुसऱ्या मजहबाचं मत घेता येतं, हे थानवींनी दाखवून दिलं.

पुढे मुहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि मार्च 1939 मध्ये मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. असे खटले मुस्लिम न्यायाधीशांपुढेच चालावेत, ही तरतूद मात्र त्यातून गळाली; उलमांना ते रुचलं नाही. पण स्त्रीला आधार मिळाला: चार वर्षं ठावठिकाणा नाही, दोन वर्षं खर्च नाही, छळ, सात वर्षांची कैद, यातलं एक कारण सिद्ध झालं तरी ती कोर्टाकडून निकाह रद्द करून घेऊ शकते. मेहरवरचा हक्कही जात नाही.

म्हणजे ही वाट शरीअतबाहेरून आलेली नाही. ती उलमांनीच शोधली.

मी तिला कायद्याचं नाव आणि सन कागदावर लिहून दिलं. ती म्हणाली, "सर, हे अब्बांना तुम्हीच सांगा."

ईदनंतर गेलो. सब्र कर म्हणणाऱ्यांत तेच पहिले होते.