निमे रुपये आणि सोळा अंक

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बाजारात जाऊ लागला. यवतमाळ, वणी, दारव्हा या भागातल्या मालाची वाट जितकी लांब, तितकीच त्याच्या पैशांची. चांदीच्या रुपयांच्या थैल्या घेऊन प्रवास करणे जोखमीचे होते. अशा दूरच्या व्यवहारांसाठी आपल्याकडच्या व्यापाऱ्यांजवळ एक जुने साधन होते, ते म्हणजे हुंडी. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या पेढीला ‘अमक्यास इतके रुपये द्यावे’ अशी लिहिलेली ती चिठ्ठी.

आज यवतमाळात बसून आपण मोबाईलवरून पुस्तक मागवतो आणि बँकेच्या कार्डाने पैसे देतो, तेव्हा प्रश्न हुंडीच्या काळचेच असतात. आकडा बरोबर आहे का? माणूस तोच आहे का? आणि वाटेत कुणी चिठ्ठी वाचली तर? या प्रश्नांची उत्तरे कशी मिळत गेली ते पाहू या. आपली माहिती का आणि कशी जपायची, हेही त्यातून आपोआप कळते.

आकडा बरोबर आहे का?

हुंडीत रक्कम एकदाच लिहीत नसत. हजार रुपयांच्या हुंडीत ‘निमे रुपये पाचशे, त्याचे दुप्पट हजार’ अशा अर्थाचा मजकूर असे. कुणी हजारावर एक शून्य वाढवले, तर निम्म्याशी मेळ बसत नसे. म्हणजे चिठ्ठीतच तिचा पडताळा ठेवलेला होता.

आपल्या कार्डावरच्या अंकांतही असाच पडताळा असतो. बहुतेक कार्डांवर सोळा अंक असतात आणि त्यांतला शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. ही रीत हान्स पीटर लून या आयबीएममधील संशोधकाची. तिच्या पेटंटसाठी त्याने १९५४ मध्ये अर्ज केला व १९६० मध्ये ते मिळाले. वर्गात करून पाहण्याजोगी ही रीत आहे.

समजा, आपला अंक ४६२७ आहे. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करायचा. उत्तर दोन अंकी आले तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यायची. ७ चे १४, म्हणजे ५. २ तसाच. ६ चे १२, म्हणजे ३. ४ तसाच. बेरीज १४. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे वीसला, ६ कमी पडतात. म्हणून पूर्ण क्रमांक ४६२७६. आता कुणी चुकून ४२६७६ असा लिहिला, तर बेरीज २५ येते आणि चूक लगेच कळते. विद्यार्थ्यांना विचारावे, की शेजारच्या कोणत्या दोन अंकांची अदलाबदल या रीतीला पकडता येत नाही? (उत्तर : ० आणि ९.)

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हा पडताळा चूक पकडतो, चोर पकडत नाही. रीत ठाऊक असलेला कोणीही ‘बरोबर’ दिसणारा क्रमांक बनवू शकतो.

माणूस तोच आहे का?

हुंडीवाल्यांना हेही ठाऊक होते. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती देत. पुढे तक्रार झाली तर पैसे कुणी नेले याचा माग लागे. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे ‘पेठ’, लिहून देत. तीही हरवली तर ‘परपेठ’. कागद हाती असणे एवढाच पुरावा पुरेसा मानलेला नव्हता.

कार्डाच्या बाबतीत हा धडा पुन्हा शिकावा लागला. कार्डामागच्या चुंबकीय पट्टीत माहिती कायमची लिहिलेली असते, त्यामुळे तिची नक्कल करता येते. चिप मात्र दर व्यवहाराला नवे उत्तर तयार करते. जुने उत्तर चोरून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत जुनी पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यास बँकांना सांगितले होते.

नक्कल केलेल्या कार्डांनी काय होते, हे त्याच वर्षी महाराष्ट्राने पाहिले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत चोरांनी घातक प्रोग्राम घुसवला. बनावट कार्डांवर पैसे मागितले की बँकेऐवजी चोरांची यंत्रणाच ‘द्या’ असे सांगे. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण चोरी ९४ कोटींहून अधिक. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असे बँकेने सांगितले.

इंटरनेटवर खरेदी करताना तर कार्ड यंत्रात घालावेच लागत नाही. क्रमांक, मुदतीची तारीख, तीन अंकी सीव्हीव्ही हे सारे कार्डावरच छापलेले. जे छापलेले आहे ते गुपित कसे? म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून देशातल्या अशा व्यवहारांना कार्डावर नसलेला आणखी एक पुरावा सक्तीचा केला. मोबाईलवर येणारा ओटीपी हा त्याचाच एक प्रकार.

वाटेत कुणी वाचले तर?

पूर्वी गुप्त संदेश पाठवायचा तर दोघांकडे एकच किल्ली आधीपासून असावी लागे. पण अनोळखी दुकानदाराला ती आधी द्यायची कशी? १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी यातून वाट दाखवली आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर व एडलमन यांनी तिला व्यवहारात आणण्याजोगे गणिती रूप दिले. दुकानदार जणू आपली उघडी कुलपे सर्वांना वाटतो. कोणीही पेटीला ते कुलूप लावावे. उघडणारी किल्ली एकट्या त्याच्याजवळ. ११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत अशा गुप्त लिपीत कार्डाचा क्रमांक पाठवून गाण्यांची एक सीडी विकत घेतली गेली, त्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती.

संकेतस्थळाच्या पत्त्याची सुरुवात ‘एचटीटीपीएस’ने होते, तेव्हा हेच गणित काम करत असते. त्याचा अर्थ इतकाच, की वाट सुरक्षित आहे. पलीकडचा दुकानदार प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. ठगालाही कुलूप मिळते.

शिवाय प्रामाणिक दुकानातूनही चोरी होते. म्हणून १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांनी कार्डाचा खरा क्रमांक साठवू नये, त्याऐवजी ‘टोकन’ नावाचा पर्यायी क्रमांक ठेवावा, असा नियम आला. एका दुकानाचे टोकन दुसरीकडे चालत नाही.

उरलेली कडी

गणिताची वाट अवघड झाल्यावर चोरांनी माणसाची वाट धरली. ‘तुमची ऑर्डर अडकली आहे, आलेला आकडा सांगा,’ असा फोन येतो. यात कुठलेच कुलूप फुटत नाही. आपणच किल्ली देतो. ओटीपी हा ‘मीच मागितले’ असे सांगणारा पुरावा आहे. तो दुसऱ्याला सांगितला, की त्याच्या क्षणी तो माणूस म्हणजे आपण होतो. पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही, हेही मुलांनी घरी जाऊन सांगावे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी जबाबदारीही ठरवून दिली. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे नुकसान शून्य. गुपित स्वतःच सांगितले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. म्हणून फसल्याची लाज वाटली तरी गप्प बसू नये. ताबडतोब बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरातल्या पहिल्या स्मार्टफोनचा हिशेब पुष्कळदा शाळेतले मूलच समजावून सांगते. गणिताच्या तासाला लूनची रीत शिकवताना आणखी पाच मिनिटे द्यावीत. अंक बरोबर असणे आणि माणूस खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्या मुलाला कळले, तर कापसाच्या चुकाऱ्याचे आलेले पैसे घरात राहण्याची शक्यता वाढेल.