मार्लवाई

तेलंगणातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, जैनूरजवळचे राजगोंडांचे छोटे गाव. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. १९४० मध्ये जोडेघाट येथे गोंडांच्या उठावाचे नेते कुमरम भीम मारले गेले. जमिनीवरून पेटलेल्या त्या उठावानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी बोलावले. ते पत्नी बेट्टीसह मार्लवाईतच राहिले. पुढे अनेक गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले.

१९४३ मध्ये येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंडीची पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली. मराठी या मुलखात रुळलेली होती, म्हणून ती निवड योग्यच म्हटली पाहिजे. मुलाला प्रथम घरची भाषा वाचता यावी, हा विचार त्या काळी फार पुढचा होता.

गावाचे जगणे शेतीवर चालते. ज्वारी आणि कापूस ही जुनी पिके. दिवाळीच्या सुमारास दंडारी ही नाचणाऱ्यांची मंडळी निघते, मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नर्तक नाचतात. कुळांच्या कथा परधान भाट किकरी या तंतुवाद्याच्या साथीने गातात. १९८७ मध्ये वारलेल्या बेट्टी यांची समाधी याच गावात आहे.