खानदेशच्या वाटेवरचे दस्तरखान

प्रवासाला निघताना घरची शिदोरी बरोबर घ्यावी, ही वडीलधाऱ्यांची शिकवण योग्यच आहे. परंतु ज्या गावी आपण उतरतो, तेथील एखादा पदार्थ न चाखता परत येणे म्हणजे त्या गावच्या इतिहासाचे एक पान न वाचताच पुस्तक मिटणे होय. आपण मुलांना सहलीला नेतो, किल्ले आणि मकबरे दाखवतो. त्या गावच्या चुलीवर काय शिजते, याची चौकशी मात्र क्वचितच करतो. वास्तविक राजांच्या सनावळ्या जेथे थांबतात, तेथून पुढचा इतिहास स्वयंपाकघरात सापडतो. आपल्या एरंडोलच्या आसपासचा मुलूख पाहिला, तरी याची साक्ष पटते.

सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणारा जुना राजमार्ग आपल्या तापीच्या खोऱ्यातून जात असे. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे ही त्या वाटेवरची गावे. १३४२ च्या सुमारास प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता दौलताबादेहून नंदुरबारला आला. तेथील प्रतिष्ठित मराठी लोकांचे अन्न भात, भाज्या व तिळाचे तेल असे असल्याचे त्याने नमूद केले आहे. जेवणापूर्वीच्या त्यांच्या स्वच्छतेचीही त्याने दखल घेतली. पुढे सतराव्या शतकात ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिरा याच मार्गाने गेला. नवापूरच्या बारीक, शुभ्र तांदळाला कस्तुरीसारखा सुगंध येतो आणि इराणात कोणाला चांगली भेट द्यायची तर या तांदळाची गोणी नेतात, असे त्याने लिहिले आहे. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या या गावाचा भात एके काळी इराणच्या दस्तरखानावर मानाने वाढला जात होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

आता आपल्या घरातील वांग्याच्या भरताकडे वळू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. तीत बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची मापे दिली आहेत. बिगरमांसाहारी पदार्थांत ‘बादंजान’, म्हणजे वांगे, आहे. दहा शेर वांग्यांना दीड शेर तूप, पावणेचार शेर कांदा, आले, लिंबाचा रस, मिरी, धने, लवंग, वेलदोडा व हिंग असे ते प्रमाण आहे. या यादीत मिरची नाही! कारण उघड आहे. मिरची हे अमेरिका खंडातले पीक. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचला आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची हिंदुस्थानात आली. भुईमूग, बटाटा व टोमॅटो यांचीही जन्मभूमी अमेरिकाच. ज्या फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत खानदेशावर राज्य केले, त्यांच्यापैकी पहिल्या कित्येकांना मिरचीचा ठसका ठाऊकच नव्हता.

आज मात्र हिरवी मिरची, लसूण व शेंगदाणे यांवाचून खानदेशी भरताची कल्पनाही करवत नाही. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली मोठी हिरवी वांगी, त्यावर कांद्याची पात आणि सोबत ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, हे हिवाळ्यातले जेवण पाहुण्याने अवश्य घ्यावे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्याला आपण अस्सल खानदेशी म्हणतो, त्या ताटात वांगे या देशातले, पण मिरची व भुईमूग समुद्रापलीकडचे. तरी ते ताट खानदेशीच. सामग्री कोठूनही येवो, ती आपलीशी करण्यातच मुलखाची ओळख घडते.

दुसरा पदार्थ मांडे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचविलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ येतो. खानदेशात पुरण भरलेला मांडा लाटण्याशिवाय, केवळ हातांवर फिरवून मोठा करतात व उलट्या खापरावर भाजतात. सणावारी आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडून तो आपल्याही घरी येतो. आता बुऱ्हाणपूरला जावे. तेथील मुस्लिम मोहल्ल्यात जी रुमालासारखी पातळ, भली मोठी रोटी मिळते, तिलाही मांडाच म्हणतात. तीही हातांवरच पसरवतात आणि उलट्या कढईवर भाजतात. एकीत पुरण, दुसरी सालनाबरोबर; परंतु नाव एक आणि हातांचे कसब एक. हे शहर फारुकी सुलतान नासिरखानाने सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने वसविले. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांच्या खानकाहीतील मुदपाकखान्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती, असे सूफी परंपरा सांगते. येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालणाऱ्या संताचे नाव या शहराला लाभावे, हे फार शोभून दिसते.

बुऱ्हानुद्दीन साहेबांची मजार खुलदाबादेत आहे. तेथे जाताना छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे नान-कलिया चाखावा. तंदुरीत भाजलेली पिवळसर नान व मटणाचा तर्रीदार रस्सा, असे त्याचे स्वरूप. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला, असे परंपरेने मानतात. ‘कलिया’ हे नाव ‘आईन’मध्येही आहे. परंतु आजची झणझणीत लाल तर्री तुघलकाच्या काळची असणे शक्य नाही, ती मिरचीनंतरची. म्हणजे दिल्लीचा पदार्थ दख्खनमध्ये येऊन दख्खनी झाला.

यातून एक बोध घेण्याजोगा आहे. ‘हे आमचे खाणे, ते तुमचे’ असे आपण सहज बोलून जातो. धर्माने घालून दिलेले खाण्यापिण्याचे नियम ज्याने त्याने पाळावेत. त्यात तडजोडीचा प्रश्न नाही, आणि भरीत-भाकरीच्या पंगतीला तर कोणाचीच अडचण नाही. परंतु पदार्थाच्या इतिहासावर एकट्याची मालकी सांगता येत नाही. मांडा कोणाचा, असे विचारले तर संस्कृत ग्रंथकार, खानदेशची गृहिणी आणि बुऱ्हाणपूरचा भटियारा अशा तिघांनाही होकार द्यावा लागेल.

विद्यार्थी मित्रांना एकच सुचवावेसे वाटते. पुढच्या सहलीत वहीत इमारतीचे नाव लिहाल, त्याखाली त्या गावच्या एका पदार्थाचे नाव, त्यातील जिन्नस व करण्याची रीतही लिहा. आणि त्याची सुरुवात घरापासून करा. आपल्या दादी-नानीच्या हातचे सालन कोणत्याही ग्रंथात नोंदलेले नाही. बादशहाच्या वांग्याची कृती चारशे वर्षे टिकली, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. आपल्या घरची कृती टिकवायची असेल, तर ती लिहिणारे हात आपलेच असले पाहिजेत.