तळटीप : सुरफुनीकी बाई

१२. मार्ककृत शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायातली (ओव्या २४ ते ३०) परक्या देशाची, परक्या धर्माची आई. भूतबाधा झालेल्या मुलीसाठी ती येशूच्या पाया पडते. मुलांची भाकर कुत्र्यांपुढे टाकू नये, असे उत्तर मिळते. मेजाखालची कुत्रीही मुलांचा चुरा खातात, असे ती परतवते आणि मुलगी बरी होते. अनेक टीकाकारांनी इथे तिची नम्रता वाखाणली. तेलुगू प्रदेशातल्या दलित अभ्यासक सुरेखा नेलवला यांनी २००६ साली ‘एक्स्पॉझिटरी टाइम्स’मधील लेखात दलित स्त्रीवादी दृष्टीने तिची हुशारी पुढे आणली. हे वाचन आम्हाला अधिक खरे वाटते. अपमानाचाच शब्द उचलून हक्क मागणे म्हणजे नमणे नव्हे. ज्यांचे पाळक हैदराबादच्या आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेजात घडतात त्या तेलुगू मंडळ्यांत माला आणि मादिगा या दलित जातींची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. उष्ट्याचा अर्थ तिथे कोशात शोधावा लागत नाही. मराठी वाचकाला महाड आठवेल : उष्टे खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली तिथेच सांगितले होते. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांच्या ‘वूमनिस्ट’ परंपरेत डिलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये बायबलमधल्या दासी हागारेला असेच केंद्रस्थानी आणले. मात्र दोन्ही वाचने एकच समजू नयेत. तिथे गुलामगिरी आणि वंश, इथे जात आणि विटाळ. ज्या लेखाला ही तळटीप जोडली आहे, त्यात सुरफुनीकी बाईला ‘लीन’ म्हटले आहे. ते विशेषण आम्ही बदललेले नाही.