शीवेवरचे घड्याळ

मुंबई बेट जेथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टीचा मुलूख लागत असे, तेथील गावास लोकांनी शीव, म्हणजे हद्द, हे नाव दिले. इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात तेथल्या टेकडीवर किल्ला बांधला, तोही या हद्दीवर नजर ठेवण्यासाठीच. कोणास आत घ्यावे आणि कोणास अडवावे हा प्रश्न ज्या गावाच्या नावातच वसला आहे, तेथे आयुष्य काढलेल्या मला मनगटावर बांधावयाच्या संगणकाचा विचारही हद्दीच्याच भाषेत सुचतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी २१ मैलांचे अंतर ५७ मिनिटांत तोडून ठाण्यास पोचली, तेव्हा प्रहर आणि घटका यांवर जिचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालत आले होते, त्या शीवेच्या वस्तीजवळून मिनिट प्रथमच धावत गेले. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली, आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे ३० मिनिटे पुढे असल्यामुळे स्टेशनात एक वेळ व गावात दुसरी, असा दुहेरी अंमल सुरू झाला. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ शहरासही लागू करण्याचा प्रयत्न केला. तो लोकांच्या विरोधापुढे टिकला नाही. मग १९०६ च्या आरंभी सरकारने साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ मुक्रर केली. मुंबईची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे पडत होती. त्याच जानेवारीत या नव्या वेळेविरुद्ध हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारून दगडफेक केली. ज्या कामगाराच्या दिवसाचा आरंभ आणि अंत गिरणीचा भोंगाच ठरवीत असे, त्याला तो भोंगा ३९ मिनिटे अलीकडे सरकताच आपली झोप कोणी न विचारता कापून नेली असे वाटले असेल, तर त्यात मला अज्ञान दिसत नाही. वेळ ही कोणाच्या तरी अखत्यारीतली वस्तू असते, हे त्याने विद्वानांच्या आधी ओळखले होते. नगरपालिकेनेही आपली मुंबईची वेळ कित्येक दशके सोडली नाही.

भोंग्याची वेळ सर्वांची होती, मनगटावरची एकट्याची. १९६१ नंतर बंगलोरच्या एचएमटी कारखान्यातून देशी घड्याळे येऊ लागली आणि नोकरी लागलेल्या मुलाच्या हाती घड्याळ बांधणे हा मध्यमवर्गीय घरांतला एक संस्कारच होऊन बसला. माझ्या वडिलांचे घड्याळ ते रोज रात्री किल्ली देऊन उशाशी ठेवीत. ते घड्याळ त्यांना वेळ सांगे. त्यांच्याविषयी मात्र ते कोणासही काही सांगत नसे.

नव्या यंत्राचा सारा मोह आणि सारी भीती या एका फरकात आहे. त्याच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश कातडीतून आत जातो; रक्त तो शोषून घेते, प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताचा ओघ वाढला की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. वैद्याची तीन बोटे जेथे टेकत, त्याच प्रदेशाशेजारी हे घडते. वडिलांच्या अखेरच्या आजारात एक परिचारिका त्यांचे मनगट धरून सेकंदकाट्याकडे पाहत मनात आकडे मोजीत उभी राही. ते दृश्य पाहिलेल्या मला, हृदयाची अनियमित गती वेळीच ध्यानी आणून देणारे साधन तुच्छ मानवत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे पडणे ओळखून दूरच्या मुलास कळविणारे यंत्र म्हणजे तर केवढा आधार! तथापि पट्टा सैल झाला की त्याचे आकडे चुकतात, निरोगी माणसालाही ते नसत्या शंकेने पछाडू शकते, त्याला वरचेवर विजेचा खुराक लागतो, आणि अंगाचा जो तपशील पूर्वी वैद्याच्या कानापलीकडे जात नसे, तो आता फोनमार्गे दूरच्या एखाद्या कंपनीच्या दप्तरी दाखल होऊ शकतो. त्या नाक्यावर पहारा कोणाचा, हे विचारल्यावाचून मी हात पुढे करू इच्छीत नाही.

माझ्या मुलाने आग्रहाने दिलेले असे एक घड्याळ मी दिवसभर वापरतो. जिना चढताना छातीत धडधडले की त्याच्याकडे पाहतोही. रात्री मात्र ते काढून किल्ल्याकडच्या खिडकीत ठेवतो. झोपेचा रकाना त्याच्या दप्तरात रोज कोरा राहतो.